शिकारशुल्क व वन्यजीवसंरक्षण

शिकारशुल्क व वन्यजीवसंरक्षण : शिकारी, नेमबाज, पर्यटक किंवा वनभूमीचा अन्य कामासाठी उपयोग करणारा उद्योग यांच्याकडून कर, परवानाशुल्क अथवा भरपाई या रूपाने पैसा घेऊन तो वन्य प्राणी व त्यांचा अधिवास यांच्या जोपासनेसाठी खर्च करण्याची व्यवस्था. बंदुका व काडतुसे यांवरील बांधील कर हे या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध रूप असून ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३७ पासून अस्तित्वात आहे. भारतात शिकारीचे परवाने १९९१ मध्ये कायद्यातून वगळण्यात आले. त्यामुळे येथे या व्यवस्थेचे स्वरूप निराळे आहे. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेमागील तत्त्व, जुन्या मध्य प्रांतातील शिकारशुल्काचा इतिहास, परदेशांतील प्रमुख प्रयोग आणि नागपूर जिल्ह्यातील उमरेड परिसरात तिला आज आलेले रूप यांचा विचार केला आहे.

तत्त्व : वन्य प्राण्यांचे संरक्षण ही खर्चाची बाब आहे. वनरक्षकांचे वेतन, उन्हाळ्यातील पाणवठे, वणव्यास आळा घालणाऱ्या जाळरेषा, कुरणांची निगा, प्राण्यांची गणना, गावांचे पुनर्वसन, पिकांच्या व गुरांच्या हानीची भरपाई अशा अनेक कामांसाठी दरवर्षी पैसा लागतो. तो उभारण्याचे मार्ग मुख्यत्वे दोन आहेत. पहिल्या मार्गात सर्व नागरिकांच्या करांतून आलेला पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वन खात्यास मिळतो. दुसऱ्या मार्गात वन्य जीवनाचा जो विशेष उपभोग घेतो अथवा जो त्याची हानी करतो, त्याच्याकडूनच मोल घेतले जाते. शिकारशुल्क हा दुसऱ्या मार्गाचा सर्वांत जुना प्रकार होय.

तथापि दुसऱ्या मार्गाने गोळा झालेला पैसा वन्य प्राण्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार शासनाला मिळणारा महसूल सामान्यतः एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाच्या मंजुरीने तो कोणत्याही कामाकडे वळविता येतो. एखाद्या शुल्काचे उत्पन्न विशिष्ट कामासाठीच राखून ठेवावयाचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कायदा, उपकर अथवा स्वतंत्र निधी यांची तरतूद करावी लागते. अशा उत्पन्नास येथे ‘बांधील निधी’ असे म्हटले आहे. पैसा कोण देतो यापेक्षा तो कोणत्या कामाला आणि कोणत्या प्रदेशाला बांधलेला आहे, यावर या व्यवस्थेचे यशापयश बव्हंशी अवलंबून राहिल्याचे दिसून येते.

मध्य प्रांतातील शिकारव्यवस्था : उमरेड तालुका १९५० पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० ते ५६ या काळात जुन्या मध्य प्रदेश राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट आहे. येथील शिकारविषयक नियमांचा उगम त्यामुळे मुंबई इलाख्यात नव्हे, तर मध्य प्रांताच्या वनप्रशासनात शोधावा लागतो. जेम्स फोर्सिथ यांचा १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य भारताच्या उंच प्रदेशावरील ग्रंथ आणि या प्रांतात वनाधिकारी असलेल्या ए. ए. डनबार ब्रँडर यांचा १९२३ मधील मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ यांवरून या प्रदेशातील प्राणिवैभवाची आणि त्याच्या ऱ्हासाचीही कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकात वाघ, बिबळ्या, लांडगा इ. हिंस्र प्राणी शेतीच्या विस्तारातील अडथळा मानले जात. त्यामुळे शासन त्यांच्या संरक्षणासाठी शुल्क घेण्याऐवजी त्यांना मारणाऱ्यास बक्षीस देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. याच काळात शासनाच्या धोरणाला दुसरे अंगही फुटत होते. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलांतील शिकारीवर नियमांचे बंधन आणणे शक्य झाले. १८८७ मध्ये वन्य पक्ष्यांसाठी व १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी यांसाठी अखिल भारतीय अधिनियम झाले. त्यांनी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी बंदीचा हंगाम ठरविला. १९३५ मध्ये मध्य प्रांताने शिकारीविषयी आपला स्वतंत्र अधिनियम केला.

या नियमांच्या आधारे राखीव जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ म्हणजे शिकारगट पाडण्यात आले. परवानाधारकाला ठराविक मुदतीसाठी एक गट मिळे. त्यात कोणत्या जातीचे किती प्राणी मारावयाचे याची मर्यादा परवान्यात नमूद असे. मचाण बांधणे, आमिषासाठी रेडा बांधणे, हाक्यासाठी माणसे जमविणे यांचा खर्च शिकाऱ्याने करावयाचा असे. हाकेकऱ्यांना मजुरी मिळे व गावात थोडाफार पैसा येई. परंतु परवान्याचे शुल्क प्रांताच्या सर्वसाधारण महसुलात जात असे. ज्या गटात सांबर वा वाघ मारला गेला, त्याच गटातील कुरण किंवा पाणवठा यांवर ते खर्च करण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. वन खात्याच्या उत्पन्नात साग, बांबू व गौण वनोपज यांच्या तुलनेने शिकारशुल्काचा वाटा किरकोळ होता. म्हणून शिकारीचे प्राणी टिकविण्यात खात्याचे आर्थिक हितही गुंतलेले नव्हते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सामाजिक होती. परवाना घेऊन शिकार करणारा वर्ग मुख्यतः लष्करी व मुलकी अधिकारी, जमीनदार आणि संस्थानिक यांचा होता. पोटासाठी ससा, तितर, रानडुक्कर धरणारे गोंड आणि पिढीजात व्यवसाय म्हणून फास लावणारे फासेपारधी हे परवान्याच्या चौकटीबाहेर राहिले व त्यांची शिकार ‘चोरटी’ ठरली. शुल्क देऊ शकणाऱ्यास अधिकार आणि न देऊ शकणाऱ्यास अपराध, ही या पद्धतीतील विषमता पुढील काळातही पूर्णपणे मिटली नाही.

स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या, प्रखर दिवे आणि पीकसंरक्षणासाठी सढळपणे दिलेले बंदुकीचे परवाने यांमुळे शिकारीचे प्रमाण वाढले. त्याच सुमारास परदेशी शिकाऱ्यांसाठी सफारी आयोजित करणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांची ॲल्विन कूपर ही कंपनी मध्य भारताच्या जंगलांत अशा सफारी आयोजित करीत असे. या व्यवसायातून देशाला परकीय चलन मिळत होते व त्यामुळे त्याला काही काळ शासकीय अनुकूलताही लाभली. मात्र हे चलनदेखील वाघाच्या अधिवासाला बांधलेले नव्हते. शुल्क भरून केलेल्या शिकारीने वन्य जीवनाचे रक्षण होते, या विधानाला मध्य भारताच्या अनुभवातून पुष्टी मिळत नाही. याचे एक प्रमुख कारण हे होय.

अमेरिकेतील बांधील कर : शिकारीच्या पैशाला कायद्याने बांधण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथेही बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार हत्येने गवा, हरीण, रानटर्की व पाणपक्षी यांची संख्या घटली होती. त्यावर उपाय म्हणून राज्यांनी शिकारीचे परवाने सुरू केले. १९३४ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट विकत घ्यावे असा केंद्रीय कायदा झाला. ‘बदक-तिकीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पहिल्या तिकिटाचे चित्र व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढले होते. तिकिटाच्या विक्रीतून दलदलीच्या जमिनी खरीदल्या जातात. आता त्याची किंमत २५ डॉलर आहे.

२ सप्टेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी वन्यजीव पुनःस्थापनेस केंद्रीय साहाय्य देणाऱ्या अधिनियमावर स्वाक्षरी केली. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी ए. विलिस रॉबर्टसन यांच्या नावांवरून तो ‘पिटमन-रॉबर्टसन अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे, की त्याने शिकारीच्या शस्त्रांवर पूर्वीपासून आकारले जाणारे उत्पादनशुल्क सर्वसाधारण खजिन्यातून काढून वन्यजीवांच्या कामाला बांधून दिले. ग्राहकाला नवा भार फारसा जाणवला नाही; बदलला तो पैशाचा मार्ग.

सध्या लांब नळीच्या बंदुका व दारूगोळा यांवर ११ टक्के आणि पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांवर १० टक्के शुल्क आहे. धनुष्यबाणासारखी साधनेही सत्तरीच्या दशकात करकक्षेत आली. शुल्क उत्पादक किंवा आयातदार भरतो व ते किंमतीत मिसळून ग्राहकावर पडते. गोळा झालेली रक्कम राज्यांना वाटताना मुख्य भागासाठी निम्मा विचार राज्याच्या क्षेत्रफळाचा व निम्मा शिकारीचे परवाने घेणाऱ्यांच्या संख्येचा होतो. या वाटणीत कोणत्याही राज्याला एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक वा अर्ध्या टक्क्याहून कमी वाटा मिळत नाही. मंजूर कामाच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्राकडून मिळते व उरलेला भाग राज्य घालते. अधिवासाची सुधारणा, जमीनखरेदी, संशोधन, शिकाऱ्यांचे सुरक्षा-शिक्षण व नेमबाजीची मैदाने ही मान्य कामे होत.

अधिनियमातील सर्वांत परिणामकारक अट निराळीच आहे. शिकारपरवान्याचे उत्पन्न वन्यजीव खात्याच्या कारभाराखेरीज अन्य कामाकडे वळविणार नाही, असा कायदा स्वतः केल्याखेरीज राज्याला या निधीतून साहाय्य मिळत नाही. त्यामुळे एका बांधील निधीने दुसऱ्या निधीलाही बांधून टाकले. १९५० मध्ये हेच तत्त्व मासेमारीच्या साधनांना लागू करण्यात आले. अलीकडील काही वर्षांत पिटमन-रॉबर्टसन निधीचे वार्षिक वाटप १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण, रानटर्की, एल्क इत्यादींच्या पुनरुज्जीवनात या पैशाचा मोठा वाटा मानला जातो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. आज शस्त्रे व काडतुसे विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शिकार करीतच नाहीत. ते स्वसंरक्षणासाठी किंवा लक्ष्यवेधासाठी ती घेतात. लोकसंख्येतील शिकाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा घटले आहे. परिणामी वन्यजीवांचा निधी शस्त्रविक्रीच्या चढउतारांवर अवलंबून राहतो. शिवाय पैसा शिकारीतून येत असल्याने शिकारीच्या जातींकडे अधिक लक्ष जाते; बेडूक, सरपटणारे प्राणी वा गाणारे पक्षी यांच्या वाट्याला तुलनेने कमी येते, अशीही टीका होते.

अन्य प्रयोग : आशिया व आफ्रिकेतील काही देशांनी शिकारशुल्क खजिन्याऐवजी स्थानिक समाजाला बांधले. पाकिस्तानच्या उत्तर व पश्चिम भागांतील डोंगरांत मारखोर या रानबोकडाच्या मोजक्याच नरांच्या शिकारीचे परवाने लिलावाने दिले जातात. धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराने २००२ पासून त्यासाठी वार्षिक १२ प्राण्यांचा कोटा मान्य केला आहे. शुल्काचा ८० टक्के भाग स्थानिक समाजाला मिळतो. जे ग्रामस्थ पूर्वी मांसासाठी मारखोर मारीत, तेच आता त्यांची राखण करतात. नामिबियात १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामुदायिक जमिनीवरील रहिवाशांना संरक्षणसंस्था स्थापून शिकार व पर्यटन यांचे उत्पन्न घेण्याचा अधिकार दिला. याउलट झिंबाब्वेत २०१५ मध्ये संशोधनासाठी पट्टा बांधलेला ‘सेसिल’ हा सिंह परदेशी शिकाऱ्याने मारल्यावर जगभर संताप व्यक्त झाला. नैतिक आक्षेप व स्थानिक लाभ यांतील हा वाद अद्याप मिटलेला नाही.

भारतातील स्थित्यंतर : १९६९ च्या अखेरीस नवी दिल्ली येथे निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सर्वसाधारण सभा भरली. तीत वाघाच्या ऱ्हासाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशव्यापी बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात सु. १,८०० वाघ आढळले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला. सुरुवातीच्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश होता [⟶ वाघ].

१९७२ चा अधिनियम मूळ स्वरूपात शिकारीवर संपूर्ण बंदी घालणारा नव्हता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे यांसाठी वेगवेगळ्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही तरतूद वगळण्यात आली. तेव्हापासून माणसाच्या जीवितास धोकादायक झालेला अथवा पिकांचा नाश करणारा प्राणी, संशोधन अशा मोजक्या अपवादांखेरीज शिकार हा अपराध आहे. नेमबाजी हा खेळ भारतात चालू असला, तरी बंदुका व काडतुसे यांवरील करांचे आणि शस्त्रपरवान्यांच्या शुल्काचे उत्पन्न वन्यजीवसंरक्षणाला बांधलेले नाही. बंदुकीचा अभयारण्याशी संबंध येथे महसुलाचा नसून नियंत्रणाचा आहे : अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून १० किमी. च्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने नावाची नोंदणी करावी लागते आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही.

शिकाऱ्याची जागा भारतात दोन नव्या देणेकऱ्यांनी घेतली. पहिला पर्यटक. २००६ च्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम ३८ (भ) नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्रसंवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. प्रवेशशुल्काची रक्कम राज्याच्या खजिन्यात न जाता त्या त्या क्षेत्राच्या कामी पुन्हा वापरता यावी, हा त्यामागील एक हेतू होता. शिकारगटाच्या काळात जे झाले नव्हते, ते येथे साधले गेले. दुसरा देणेकरी म्हणजे वनजमीन घेणारा प्रकल्प. खाण, धरण, रस्ता इत्यादींसाठी वनजमीन वळविताना प्रतिपूरक वनीकरणाचा खर्च व त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी अभयारण्यातील जमिनीसाठी हे मूल्य पाचपट व राष्ट्रीय उद्यानातील जमिनीसाठी दहापट ठरविण्यात आले. हा पैसा बरीच वर्षे तदर्थ प्राधिकरणाकडे साचून राहिला. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ अन्वये त्याचा ९० टक्के भाग राज्यांना देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सु. ४७,४०० कोटी रुपये राज्यांकडे वर्ग झाले. निधी बांधलेला असला, तरी तो वेळेवर खर्च होईलच असे नाही, हा या उदाहरणाचा बोध आहे.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य : नागपूरच्या आग्नेयीस सु. ४५ किमी. वर असलेल्या उमरेडच्या परिसरात वरील दोन्ही देणेकरी शेजारी शेजारी आढळतात. एकीकडे वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक उपक्रमाच्या उघड्या कोळसा खाणी आहेत, तर दुसरीकडे २०१२–१३ च्या सुमारास घोषित झालेले सु. १८९ चौ. किमी. चे अभयारण्य आहे. ते नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही व भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांत पसरले आहे. त्याच्या लगत वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. साग व मिश्र पानझडी वृक्षांच्या या वनात वाघ, बिबळ्या, रानकुत्रा, अस्वल, गवा, सांबर, चितळ, नीलगाय इ. प्राणी आढळतात. प्रशासकीय दृष्ट्या ते पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांच्या अखत्यारीत आहे.

या अभयारण्याचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा स्थानात आहे. वैनगंगेच्या काठाकाठाने ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाशी आणि शेतांतून व विखुरलेल्या जंगलांतून नागझिऱ्याशी त्याचा संबंध जोडला जातो. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून येथे आलेला ‘जय’ हा धिप्पाड वाघ देशभर प्रसिद्ध झाला. त्याला पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागली. प्रवेशशुल्क, जिप्सी वाहने, मार्गदर्शक व निवासव्यवस्था यांतून गोठणगाव, कऱ्हांडला आदी प्रवेशद्वारांच्या परिसरात रोजगार निर्माण झाला. शिकारगटाच्या काळात मेलेल्या वाघाचे शुल्क एकदाच मिळे; जिवंत वाघाचे उत्पन्न दररोज मिळते, हा अर्थशास्त्रीय फरक येथे ठळकपणे दिसून आला.

एप्रिल २०१६ मध्ये जयच्या रेडिओ-पट्ट्याचे संदेश बंद झाले व पुढे त्याचा शोध लागला नाही. त्याचा वंशज ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात विजेचा प्रवाह सोडलेल्या शेतकुंपणाला लागून मरण पावला. १ जानेवारी २०२१ रोजी उमरेड-कऱ्हांडला परिसरात एक वाघीण व तिचे बछडे मृत आढळले. वाघाने मारलेल्या गुराच्या कलेवरावर विष टाकल्याच्या आरोपावरून एका शेतकऱ्यास अटक झाली. या घटनांचे मूळ अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर नव्हे, तर शेताच्या बांधावर आणि गोठ्यात आहे.

पैशाची सीमा व प्राण्याची सीमा : वाघ अभयारण्याच्या हद्दीत राहत नाही, तो हद्दीतून जातो. १८९ चौ. किमी. चे क्षेत्र वयात येणाऱ्या नरांना पुरेसे नसते व ते धानाच्या, सोयाबीनच्या आणि तुरीच्या शेतांतून नवे क्षेत्र शोधीत फिरतात. रानडुक्कर व नीलगाय तर रोजच शेतात उतरतात. प्रवेशशुल्क मात्र द्वारापाशी गोळा होते आणि मुख्यतः द्वाराजवळच्या गावांत व हद्दीच्या आत खर्च होते. ज्या गावातून पर्यटकांचा रस्ता जात नाही, त्या गावाला रानडुकराचा उपद्रव मिळतो. पर्यटनाचा रोजगार मिळत नाही. जुन्या काळी शुल्क कोणत्याच कामाला बांधलेले नव्हते. आता ते बांधलेले आहे, परंतु त्याची दोरी आखूड आहे.

ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. पिकांची हानी, गुरांचा मृत्यू व मनुष्यहानी यांबद्दल महाराष्ट्र शासन अर्थसंकल्पातून साहाय्य देते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, शौचालये इत्यादींसाठी साहाय्य देण्याचे धोरण आखण्यात आले. त्यांची अंमलबजावणी ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत होते. तरीही भरपाईची रक्कम किती यापेक्षा ती किती दिवसांत मिळते, याला शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते. मेलेल्या गाईचा पंचनामा व पैसा यांत जितके अंतर, तितका सूडाच्या विषाला अवकाश, असे या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप आहे.

पर्यटकांच्या पैशावरील अवलंबनाचा आणखी एक धोका आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात सफारीच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. पैसा देणाऱ्यास प्राण्यावर हक्क मिळाल्यासारखे वाटू लागते, ही प्रवृत्ती शिकाऱ्यापुरती मर्यादित नाही. छायाचित्र घेणाऱ्यातही ती आढळते. म्हणून प्रवेशशुल्काबरोबर वाहनांच्या संख्येवर मर्यादा, अंतराचे नियम व बंदीचा हंगाम हीही आवश्यक ठरतात. जुन्या शिकारपरवान्यातील संख्येची व मुदतीची बंधने येथे वेगळ्या रूपात परत आली आहेत.

मूल्यमापन : शिकारशुल्क वन्य जीवनाला तारते की मारते, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. अमेरिकेत शुल्काला कायद्याचे बंधन, राज्यांना अट आणि प्राण्यांच्या संख्येची नियमित मोजदाद यांची जोड मिळाली. मध्य प्रांतात यांपैकी काहीच मिळाले नाही. मारखोराच्या डोंगरांत शुल्क थेट गावाला बांधले गेले. भारतात शिकार पुन्हा सुरू करून निधी उभारावा, असे या तुलनेवरून सिद्ध होत नाही. दाट लोकवस्ती, विखुरलेली वने आणि प्राण्यांविषयीची लोकभावना यांमुळे येथील परिस्थिती भिन्न आहे. शिवाय शिकार बंद असतानाच वाघांची संख्या वाढली : २०२२ च्या अंदाजानुसार देशात सु. ३,६८२ व महाराष्ट्रात ४४४ वाघ होते. २०१४ मध्ये महाराष्ट्रातील संख्या १९० होती.

तथापि ही वाढच नवा खर्च निर्माण करते व तो बव्हंशी अभयारण्याबाहेर पडतो. उमरेड, भिवापूर व पवनी येथील अल्पभूधारक शेतकरी रात्रीची जागल, गमावलेले पीक व मेलेले गुरू या रूपाने वन्यजीवसंरक्षणाला जो हिस्सा देतो, तो कोणत्याही कराच्या नोंदीत नसतो. पण तोही एक करच आहे आणि तो भरताना त्याला कोणी विचारलेले नाही. खाणीकडून, पर्यटकाकडून वा बंदुकीच्या ग्राहकाकडून येणारा पैसा प्राण्याच्या हद्दीपर्यंत, म्हणजे या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन बांधणे, हे या व्यवस्थेपुढील मुख्य कार्य आहे. ते न झाल्यास निधी वाढूनही संचारमार्गांतील वाघांचे मृत्यू थांबतील, अशी अपेक्षा करता येत नाही.